म्हशीचा चौथा पाय

चित्र पुरं झालं की ती कागद दोन्ही हातांनी उचलायची, डाव्या तळहातावर पालथा धरायची आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याच्या पाठीवर हलक्या दोन चापट्या मारायची. खोडरबराचा चुरा, पेन्सिलीची भुकटी, कधी चुकून चिकटलेलं गवताचं कुसळ खाली पडायचं. मग कागद सुलटा करून त्याच्याकडे ती टक लावून बघायची आणि म्हणायची, "झालं. आता ह्ये जगतंय."

पहिल्या शनिवारी मला वाटलं, म्हातारी कागद झटकते आहे. पुढे कळलं, की जन्मल्याबरोबर न रडणारं मूल ती असंच पालथं धरायची आणि त्याच्या पाठीवर अशाच दोन चापट्या मारायची. तीस वर्षांची सवय. हात बोटांत पेन्सिल आली म्हणून ती विसरायला तयार नव्हते.

ती त्या गावची सुईण होती आणि माझ्या चित्रकलेच्या वर्गातली विद्यार्थिनी. वय पन्नाशीच्या आसपास. नक्की किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. गाव तिला आजी म्हणायचं, मी मावशी म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची. गंमत वाटली की 'तुमी' म्हणायची आणि राग आला की सरळ 'तू'वर यायची.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पुण्यातल्या एका पेठेत वाढलेला, ड्रॉइंग मास्तरचा कोर्स करून मुळशीच्या धरणाकाठच्या शाळेत नव्यानं रुजू झालेला. शाळा म्हणजे कौलारू चार खोल्या, समोर पटांगण आणि पटांगणाच्या खाली धरणाचं पाणी. चित्रकलेबरोबर कवायत, हस्तकला आणि घंटा देणं हीही कामं माझ्याकडेच होती. जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस असा लागायचा, की ड्रॉइंगचा कागद भिजवलेल्या पापडासारखा मऊ पडायचा. रंग दोन दोन दिवस वाळत नसत. मुलं चित्रं घरी नेऊन चुलीवर दोरीला टांगायची. त्यामुळे माझ्या वर्गातल्या प्रत्येक निसर्गचित्राला धुराचा वास होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबतील त्या मुलांचा मी जादा वर्ग घ्यायचो. सरकारी ग्रेडच्या परीक्षेला मुलं बसवायची, हे माझं स्वप्न होतं. त्या भागातून तोवर कुणी बसलं नव्हतं.

अशाच एका शनिवारी मी स्टुलावर एक पितळी तांब्या आणि दुधी भोपळा मांडला होता. सातआठ मुलं मान मोडून काढत होती. बाहेर पाऊस. खिडकीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्यावर इरलं, काखेत तेलाची बाटली. शाळेमागच्या खोलीत हेडमास्तरांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या पत्नी बाळंत झाल्या होत्या. त्यांना आणि बाळाला तेल लावायला ही बाई रोज जायची. जाता-येता वर्गाच्या खिडकीपाशी ती चार दिवस थबकत होती, हे मला मुलांनी नंतर सांगितलं.

"ये पोरा," खिडकीतून आवाज आला, "त्यो तांब्या पडंल की. बुडाला वाकडा हाय."

मुलं हसली. मी पाहिलं, तर खिडकीजवळच्या मुलाच्या चित्रातला तांब्या खरोखरच वाकडा होता. मी जरा थट्टेनंच म्हणालो, "मावशी, मग आत या आणि सरळ करून दाखवा."

मला वाटलं, लाजून निघून जाईल. तिनं इरलं भिंतीला टेकवलं, पाय पुसले, आत आली आणि त्या मुलाच्या शेजारी मांडी घालून बसली. पेन्सिल तिनं मुठीत धरली, उलथनं धरावं तशी. आणि एका दमात, हात न उचलता, तांब्याचं पोट काढलं. मी कोर्समध्ये दोन वर्षं घोटून घोटून जी रेघ काढायला शिकलो होतो, ती तशीच्या तशी. कुठे थरथर नाही. मग वर तांब्याचं तोंड काढलं, पूर्ण गोल, चंद्रासारखं.

"मावशी, तोंड असं दिसत नाही. इथून चपटं दिसतं."

"तोंड गोल हाय का न्हाई?"

"आहे, पण—"

"मंग?"

पुढच्या शनिवारी ती मुलांच्याही आधी येऊन बसली होती.

मुलं पहिल्यांदा खूप खिदळायची. एवढी मोठी बाई बाकावर पाय मुडपून बसते, जीभ बाहेर काढून रेघ मारते, याचं त्यांना हसू यायचं. तिनं दोन शनिवार ते चालू दिलं. तिसऱ्या शनिवारी पेन्सिल खाली ठेवून तिनं वर्गावर एक नजर फिरवली.

"तुजी नाळ कुनी कापली रं? म्या. आन् तुजी? आन् तू, तू तर जन्मल्या जन्मल्या माज्या लुगड्यावर मुतलास."

त्या दिवसापासून वर्गात शांतता नांदली. माझ्या शिट्टीनं जे कधी झालं नव्हतं ते झालं.

तिच्यात आणि माझ्यात खरा वाद पेटला तो म्हशीवरून. मी फळ्यावर उभी म्हैस काढून दाखवली होती, एका बाजूनं. पलीकडचा एक पाय अलीकडच्या पायाआड गेलेला. तीन पाय दिसत होते. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतली. तिनं नाही.

"चौथा पाय कुटं हाय?"

"तो मागे आहे मावशी. इथून दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हून न्हाई व्हय? ती म्हस उभी कशी ऱ्हायली?"

मी सांगितलं, की चित्रात जे डोळ्याला दिसतं तेवढंच काढायचं. तिनं मान हलवली. "मास्तर, पोटातलं पोर तरी कुनाला दिसतं? हाताला कळतं न्हवं, डोकं हितं हाय, पाय तितं हायेत? म्या दिसतंय तेवढंच धरून बसले असते तर निम्मं गाव जन्माला आलं नसतं."

तिची म्हैस चार पायांची झाली. चौथा पाय तिनं पोटाखालून पुढे ओढून दाखवला होता, त्यामुळे ती म्हैस नाचायला निघाल्यासारखी दिसत होती. पण खरं सांगतो, फळ्यावरच्या माझ्या म्हशीपेक्षा ती जास्त जिवंत होती.

हेडमास्तर आधी कुरकुरले. "ही शाळा आहे की चावडी? उद्या सगळं गाव येऊन बसेल." पण त्यांच्या बाळाला रोज तेल लावणारे हात तेच होते. घरातून काय सूत्रं हलली मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या कपाटातून तिला एक जुना ड्रॉइंगबोर्ड काढून दिला. तिनं त्याचं नाव पाट ठेवलं. स्वयंपाकघरातला असतो तसा पाट. तो घेऊन ती गावातून अशी चालायची, की जणू एखादा सरपंच दप्तर घेऊन चालला आहे.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, या वयात हे शिकावंसं का वाटलं?"

ती पेन्सिलीला टोक करत होती. विळ्यानं. माझ्या ब्लेडवर तिचा विश्वास नव्हता. मान वर न करता म्हणाली, "आजवर दुसऱ्यांचंच काढलं, मास्तर. एक तरी आपलं काढीन म्हन्ते."

मी हसलो. चांगला शब्दखेळ वाटला मला. खोलीवर येऊन चहा करताना लक्षात आलं, की तिला मूलबाळ नव्हतं. लवकर विधवा झालेली, दिराच्या घरी राहिलेली, पुतण्याला वाढवलेली. पण पुढच्या शनिवारी ती आली ती हसतच. आल्या आल्या म्हणाली, "मास्तर, आज काय काढायचं?" तिच्या त्या प्रश्नात इतकी भूक असायची, की आपल्याकडे द्यायला पुरेसं काही आहे की नाही याची मलाच धास्ती वाटायची.

तिच्या प्रत्येक चित्रावर एक तेलाचा अंगठा असायचा. हात कितीही धुतले तरी तेल जात नसे. रंग त्यावर धरायचा नाही. मुलं असा डाग पडला की रडकुंडीला यायची, पण ती त्या डागाचंच काहीतरी करायची. कधी त्याचा दगड व्हायचा, कधी ढग, कधी गावच्या पाटलाचं टक्कल.

एकदा 'माझे घर' हा विषय दिला होता. सगळे कामाला लागले, ती तशीच बसून.

"कंचं घर?" तिनं विचारलं.

"तुमचं, मावशी. स्वतःचं."

"त्येच इचारते. कंचं?"

मी पुण्याचा. मला समजेना. तिच्या शेजारी बसणारी सुमन, बारा वर्षांची, हुशार पोरगी, हळूच म्हणाली, "सर, आजीचं म्हायारचं घर पान्यात हाय. धरनात."

मी म्हणालो, वाटेल ते काढा. तासाभरानं बघितलं तर तिनं कागदाच्या तळाशी एक घर काढलं होतं. पडवी, पडवीत जातं, दारात तुळस. आणि घराच्या वर, कागदाच्या अगदी वरच्या कडेपर्यंत, निळं पाणी. त्या पाण्यात मासे. कौलांवर एक मोठा मासा निवांत बसला होता.

"आजी, घरात मान्सं न्हाईत?" सुमननं विचारलं.

"मान्सं वर आली की. ही काय, हितं न्हाई का बसली?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खदखदून हसली. तिचं हसू संपेपर्यंत सगळा वर्ग हसत होता. मी त्या चित्राला दहापैकी दहा गुण दिले. एका मुलानं तक्रार केली, की त्याचं घर पट्टी लावून काढलेलं असून त्याला सात आणि घरावर मासे असून आजीला दहा, हे कसं?

शिकवणं एका बाजूनंच चालत होतं असं समजू नका. मी खोलीवर एक मोठं चित्र करत होतो, आई आणि तान्हं मूल. शहरातल्या एका प्रदर्शनात पाठवायचा विचार होता. तिला मोठ्या ऐटीत दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"बाय चांगली हाय. पोर कितव्या म्हैन्यातलं?"

"तान्हं आहे. पाच-सहा दिवसांचं."

"सा दिसांचं पोर असं मान उचलून बगतंय? आन् ह्ये गाल? ह्ये तर गनपतीत बसवल्यावानी हाय." मग तिनं माझ्याच ब्रशाच्या दांड्यानं दाखवलं, मान कशी लुळी असते, कपाळाला कशा म्हाताऱ्यासारख्या आठ्या असतात, आई मुलाला धरते तेव्हा तिचा खांदा एका अंगाला कसा उतरतो. मी ते चित्र पहिल्यापासून पुन्हा केलं. प्रदर्शनात ते लागलं. तिथे कुणी विचारलं, की मॉडेल कुठून आणलं, तर मी नुसताच हसलो. माझ्या कोर्समध्ये प्लास्टरचे पुतळे होते. त्यांना आठ्या नव्हत्या.

दुसऱ्या पावसाळ्यात ग्रेडच्या परीक्षेचे फॉर्म आले. सहा मुलांचे भरले. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. "माजा?"

मी फॉर्म खाली ठेवला. मग नियम काढून वाचले. वयाची खालची अट होती. वरची नव्हती. मी पेन उघडलं.

"नाव सांगा."

"लिवा की. सुईन."

"असं नाही मावशी. तुमचं नाव."

तिनं सुमनकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, पदर सारखा केला आणि इतक्या हळू आवाजात सांगितलं, की मला पुन्हा विचारावं लागलं. वर्गातलं एक पोरगं ओरडलं, "आजीला नाव हाय!" तिलाही हसू आवरेना. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिनं ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात ते माझ्यापाशी राहू दे.

तयारी जोरात सुरू झाली. तिला वाचता येत नव्हतं आणि परीक्षेत अक्षरलेखन होतं. पण झालं उलटंच. आम्ही अक्षर वाचतो आणि पुढे जातो. तिला वाचता येत नव्हतं म्हणून ती ते बघत बसायची. 'क' कुठे फुगतो, 'ळ' कुठे वळतो, हे तिच्याइतकं कुणी बघितलं नसेल. तिची अक्षरं वर्गात सगळ्यात देखणी यायची. सुमन शेजारी बसून एकेकाचं नाव सांगायची. भूमितीचं मात्र तिनं मनापासून वैर धरलं. कंपासचं टोक कागदात रुतलं की तिच्या तोंडून 'अगं आई गं' निघायचं.

परीक्षेचं केंद्र पुण्यात होतं. आदल्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं निघायचं ठरलं. सहा मुलं, त्यांच्या भाकऱ्या, बोर्ड, रंगपेट्या, सगळं रस्त्याकडेला ओळीनं मांडलेलं. ती नवं लुगडं नेसून आली होती, अंबाड्यात झेंडूचं फूल. गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला आणि त्याच वेळी ताम्हिणीच्या अंगाच्या धनगरवाड्यावरून एक माणूस धावत आला. पार भिजलेला. बायको अडली होती.

तिनं विचारलं फक्त "कवापासनं?" एवढंच.

"काल सांजच्यापासनं."

तिनं अंबाड्यातलं फूल काढून सुमनच्या हातात दिलं. बोर्डही दिला. "माजा पाट तू ने. तुज्या पाटाला भेग हाय."

मला राग आला. आज लाज वाटते, पण तेव्हा आला. वर्षभर मी त्या परीक्षेवर जीव टाकला होता. मी म्हणालो, "मावशी, दुसरं कुणी नाही का जाणार? पुन्हा वर्षभर थांबावं लागेल!"

ती चार पावलं गेली होती. मागे वळली. "मास्तर, चित्तर वरीसभर थांबंल. ती बाय तासभर थांबायची न्हाई. तुला कळत न्हाई का?"

आणि चढाला लागली. गाडी आली. आम्ही बसलो. सुमन सबंध वाट ते फूल हातात धरून बसली होती.

चौथ्या दिवशी ती शाळेत आली. पोटऱ्यांवर जळवांचे डाग, डोळे खोल गेलेले, पण चेहरा उजळ.

"पायाळू व्हती. लई दमवलं तिनं. मुलगी हाय. दोगी बऱ्या हायेत." मग बाकावर बसत म्हणाली, "परीक्षंत काय काय आलं व्हतं?"

मी एकेक पेपर सांगितला. स्मरणचित्राला बाजार, वस्तुचित्राला बादली आणि झाडू. ती ऐकत राहिली. "मंग मांडा की बादली."

त्या शनिवारी आणि रविवारी मी तिची परीक्षा घेतली. वर्गात ती एकटी. मी टेबलावर घड्याळ ठेवून बसलो. मुलं दाराबाहेर गर्दी करून उभी. कुणी बोललं की बाकीची त्याचं तोंड दाबायची. हेडमास्तर स्वतः येऊन वेळ संपल्याची घंटा देऊन गेले. ती बाहेर आली तेव्हा पोरांनी तिला अशी मिठी मारली, की तिचा पाटच खाली पडला.

पुढच्या वर्षी तिला घेऊन आम्ही खरोखर गेलो. आदल्या रात्री सगळी पलटण आमच्या पेठेतल्या घरी उतरली. आईनं पहिल्या तासात तिच्यासमोर गुडघे दुखत असल्याचं गाऱ्हाणं मांडलं आणि दुसऱ्या तासात ती आईचे गुडघे चोळत होती. सकाळी आई म्हणाली, "तुझ्या विद्यार्थिनीला इथेच राहू दे."

परीक्षेच्या हॉलच्या दारात एक तरुण पर्यवेक्षिका उभी होती. तिनं मावशीला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं हं, आजी."

"म्या पालक न्हाई. म्या परीक्षेला आलीया."

पर्यवेक्षिकेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं यादी पाहिली, पुन्हा पाहिली, मग म्हणाली, "बरं. इथे अंगठा उठवा."

"अंगठा कशापायी?" मावशी ताठ झाली. "मला माजं नाव काढता येतंय."

आणि तिनं काढलं. सहीच्या रकान्यात, खरोखर काढलं. वेलांटीला वेलीसारखा डौल देऊन, शिरोरेघ तांब्याच्या पोटासारखी एका दमात ओढून. मागे मुलांची रांग थांबली होती. पर्यवेक्षिका घाई करायची सोडून बघत उभी राहिली.

पेपर सुटल्यावर मी विचारलं, कसं गेलं? ती म्हणाली, "स्मरनचित्राला जत्रा व्हती. म्या आमच्या देवाची जत्रा काढली, पाळना, रेवड्या, तमाशाचा तंबू. ती बाय माज्या मागं येऊन उभी ऱ्हायली ती हालंचना. शेवटी म्या म्हन्लं, बाय गं, उजेड सोड." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सातवा लागलाय तिला. म्या जाता जाता सांगितलं, दिसभर उभी ऱ्हाऊ नगं, आन् जिना दमानं चढ. लाजली बिचारी."

निकाल लागला त्या दिवशी मी पत्र घेऊन थेट खाचरात गेलो. भाताची बेणणी, म्हणजे तण काढणं, चालली होती. ती चिखलात गुडघाभर उभी. मी बांधावरूनच ओरडलो, "मावशी, पास! सी ग्रेड!"

"सी म्हंजी?"

"म्हणजे तिसरी श्रेणी. ए, बी, सी."

"पास झाले का न्हाई?"

"झालात."

"मंग पास म्हन की. तिसरं कशाला सांगतुयास?" आणि चिखलाचे हात वर करून तिनं शेजारच्या खाचरातल्या बायकांना हाक घातली. त्या बायका, त्यांच्या पलीकडच्या बायका, एकमेकींना सांगत सांगत बातमी पाण्यापर्यंत गेली. भूमितीत ती काठावर वाचली होती. स्मरणचित्रात तिला केंद्रातले सगळ्यात जास्त गुण होते, असं मला पुढे त्या पर्यवेक्षिकेच्या पत्रातून कळलं. त्याच पत्रात तिनं लिहिलं होतं, की मुलगा झाला, आजींना सांगा.

त्यानंतर वर्षभरातच माझी बदली सोलापूरकडे झाली. निरोपाला गाव आलं होतं. ती रडली नाही. मला म्हणाली, "मास्तर, आता लगीन करा. कुटं बी असा, सांगावा धाडा, म्या यीन." मी लग्न केलं, पण सांगावा धाडला नाही. सोलापूर काही जवळ नव्हतं आणि मोठ्या गावात दवाखाने होते.

मुलगी झाली तेव्हा मात्र राहवलं नाही. दिवाळीच्या सुटीत पुण्याला आलो होतो. पेढ्यांचा पुडा घेतला आणि सकाळची गाडी धरली. भात कापणीला आलं होतं. आंबेमोहोराचा वास गाडीच्या खिडकीतून आत येत होता. मुळशीला उतरलो, चालत तिच्या घरी गेलो. दार उघडं. पुतण्याची बायको बाहेर आली. ती मावशीला सासूसारखं आत्या म्हणायची.

"आत्या न्हाईत जी. मगाशी गेल्या. वरच्या वाडीवर एक बाय अडलीया. पर या, बसा. मास्तर न्हवं तुमी? आत्या लई सांगत असत्यात."

मी आत गेलो. डोळे अंधाराला सरावले तेव्हा भिंत दिसली. चुलीसमोरची सबंध भिंत. मातीनं लिंपलेली, त्यावर गेरू, चुना, काजळ, हळद यांनी काढलेली चित्रं. तान्ही मुलं. एकाशेजारी एक, तळापासून हाताच्या उंचीपर्यंत. प्रत्येक वेगळं. कुणाचं नाक बसकं, कुणाचे कान मोठे, कुणाचं जावळ कपाळावर आलेलं. एक डोळे मिटून जांभई देत होतं. एक उलटं काढलेलं, पाय वर.

"ती पायाळू," पुतण्याची बायको म्हणाली. "धनगराची. आता दोन शेळ्या वळती ती. जितकी आत्यांच्या हातून झाली, तितकी घरी येऊन काढत्यात. आदी नुसत्या बघत बसत्यात थोडा येळ. मंग काढत्यात. आमचे ह्ये म्हन्त्यात, भिंत भरली की दुसरी घालू."

मी ओळखीचे चेहरे शोधत राहिलो. हेडमास्तरांचं धाकटं सापडलं. तिनं काळा चहा दिला, गुळाचा. मी पेढे ठेवले. थांबलो. दुपारची गाडी पुण्याला परत जाणारी शेवटची होती. मी चढाकडे दोनदा जाऊन पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"त्यांना सांगा, मुलगी झाली. सगळं नीट आहे."

"सांगते की. नाक कुनावर गेलंय? इचारत्याल त्या."

मी सांगितलं, आईवर. ती हसली.

गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा मी उठलो. जाता जाता पुन्हा भिंतीकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत, शेवटच्या मुलाच्या शेजारी, हातभर जागा नुकतीच सारवलेली होती. ओली. बोटांचे फराटे त्यात अजून उठून दिसत होते.

"ही जागा?"

"सकाळीच सारवून गेल्यात," ती म्हणाली. "येईस्तोवर वाळंल म्हनाल्या."